बरगी ते नागपूर : रुग्णासोबत आजाराची नोंदही का जायला हवी?

रुग्णाचा पूर्वेतिहास, त्याची शारीरिक तपासणी आणि त्यांवरून केलेले निदान या तीन गोष्टींची लेखी नोंद हा वैद्यकीय उपचारांचा पाया मानला जातो. प्रत्यक्षात अनेक रुग्णांच्या हाती पडते ती केवळ औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी. डॉक्टरांनी काय विचारले, तपासताना काय आढळले आणि कोणत्या आजाराची शक्यता गृहीत धरून औषध दिले, याचा त्या चिठ्ठीत उल्लेख नसतो. सर्दी-पडशासारख्या आजारात ही उणीव फारशी जाणवत नाही. परंतु जन्मभर सोबत करणाऱ्या आजारात आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जावे लागणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हीच उणीव जिवावर बेतू शकते. मध्य भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणारा सिकलसेल हा असाच एक आजार आहे.

रस्ता लांबचा, डॉक्टर अनेक

बरगी हे मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यातील गाव जबलपूरहून नागपूरकडे येणाऱ्या महामार्गावर आहे. नर्मदेवरील बरगी धरणामुळे हे नाव देशभर परिचित झाले. १९९० साली पूर्ण झालेल्या या धरणाचा जलाशय जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांत पसरला असून त्याची झळ १६२ गावांना बसली. विस्थापितांपैकी अनेकांनी मजुरीसाठी जबलपूर शहराची वाट धरली. या पट्ट्यातील गोंड समाजासह अनेक आदिवासी आणि इतर समाजांत सिकलसेलचा आनुवंशिक दोष आढळतो. आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था १९८४ पासून जबलपूरमध्ये कार्यरत आहे आणि सिकलसेल हा तिच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय राहिला आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रदेश दूरचा वाटण्याचे कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्ये वेगळी झाली तरी उपचारांसाठी महाकोशलातून नागपूरला येण्याचा प्रघात कायम राहिला. सिकलसेलचा पट्टाही राज्यांच्या सीमा मानत नाही. पूर्व विदर्भातील गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे त्याच पट्ट्यात मोडतात.

समजा, बरगी परिसरातील एका तरुण मजुराचे हातपाय अचानक असह्य दुखू लागले. तो प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रात जाईल. तेथून त्याला जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले जाईल. दुखणे वारंवार उद्भवू लागले तर एखादा नातेवाईक त्याला नागपूरला नेईल. तीन ठिकाणी तीन डॉक्टर त्याला प्रथमच पाहतील. पहिल्याने काय पाहिले हे दुसऱ्याला कळले नाही, तर दुसऱ्याला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागेल. वेदनेने तळमळणारा रुग्ण आपल्या आजाराचा सारा इतिहास नेमकेपणाने सांगू शकेल, याची खात्री देता येत नाही. अशा वेळी त्याच्या वतीने बोलणारी एकच गोष्ट उरते. ती म्हणजे त्याच्याजवळचा कागद.

पूर्वेतिहास : योग्य प्रश्नात अर्धे निदान

रुग्णाला पाहणे, स्पर्शाने तपासणे आणि प्रश्न विचारणे, म्हणजेच दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न, ही रोगपरीक्षेची तीन साधने आयुर्वेदाने सांगितली आहेत. आधुनिक वैद्यकानेही प्रश्नाचे महत्त्व मान्य केले आहे. १९७५ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी ६६ रुग्णांच्या बाबतीत केवळ आजाराची हकीकत जाणून घेतल्यावर केलेले निदान अखेरपर्यंत कायम राहिले. शारीरिक तपासणीमुळे सात आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांमुळे आणखी सात रुग्णांचे निदान बदलले. त्यानंतरच्या काळात चाचण्यांची साधने कितीतरी वाढली, तरी कोणती चाचणी करायची हे आजही हकीकतच ठरवते.

पूर्वेतिहास लिहिण्याचा एक ठरलेला क्रम असतो. रुग्णाची मुख्य तक्रार आणि तिचा कालावधी आरंभी लिहिला जातो. पुढे सध्याच्या आजाराची हकीकत, पूर्वीचे आजार व शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधे, औषधांचे वावडे, कुटुंबातील आजार आणि रुग्णाचा व्यवसाय, आहार, व्यसने व राहणीमान यांची नोंद केली जाते.

सिकलसेलच्या संदर्भात यातील प्रत्येक प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. असे दुखणे पूर्वी कधी झाले होते काय, आणि लहानपणी हातापायांची बोटे सुजली होती काय, हे विचारावे लागते. डोळे वारंवार पिवळे होत असल्यास तो विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीपेक्षा वेगळा प्रकार असू शकतो. भावंडांपैकी कोणाला हाच त्रास होता काय, एखादे भावंड बालपणीच दगावले काय, हे प्रश्न नाजूक असले तरी टाळता येत नाहीत. या आजाराचे मूळच आनुवंशिकतेत आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण म्हणून जन्मण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे निर्दोष असण्याची २५ टक्के असते.

‘अलीकडे कधी रक्त चढवले होते काय?’ हा एक प्रश्न विसरला तर पुढची चाचणीही दिशाभूल करू शकते. गेल्या दोन-तीन महिन्यांत दुसऱ्याचे रक्त चढवलेले असल्यास रुग्णाच्या नमुन्यात दात्याच्या निरोगी पेशी मिसळलेल्या असतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील प्रमाणे बदलतात आणि रुग्ण केवळ वाहक असल्याचा भास होऊ शकतो. यंत्र अचूक असते, नमुनाही योग्य रीतीने घेतलेला असतो, तरीही निष्कर्ष चुकतो. कारण एका प्रश्नाचे उत्तर कागदावर नसते.

पूर्वेतिहास लिहिताना रुग्णाचे शब्द शक्यतो त्याच्याच भाषेत टिपावेत, असा वैद्यकीय शिक्षणातील जुना दंडक आहे. मराठीत कळ, ठणका, चमक, जळजळ, कणकण आणि आग यांपैकी प्रत्येक शब्द वेगळ्या वेदनेचा निदर्शक आहे. पोटात कळ येणे आणि गळू ठणकणे यांत गोंधळ होत नाही. या सर्वांसाठी ‘वेदना’ एवढा एकच शब्द लिहिला, तर रुग्णाने दिलेली माहिती डॉक्टरांच्या हातूनच गळून पडते. बरगीसारख्या ठिकाणी रुग्ण हिंदी, बुंदेली किंवा गोंडी बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते. तेथे हा धोका अधिक असतो.

शारीरिक तपासणी : मोजलेले आकड्यात

शारीरिक तपासणीत नाडी, रक्तदाब, तापमान, श्वसनाचा वेग आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण यांची नोंद प्रथम होते. यानंतर डोळे, जीभ, त्वचा व सूज पाहिली जाते. मग पाहणे, हाताने चाचपणे, बोटाने ठोकून आवाज पारखणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे या क्रमाने छाती, हृदय आणि पोट यांची तपासणी केली जाते. छातीवर बोटाने ठोकून निदान करण्याची रीत ऑस्ट्रियातील लेओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली मांडली, तर स्टेथोस्कोपचा शोध फ्रान्समधील रेने लेनेक यांनी १८१६ साली लावला. साधने जुनी असली तरी त्यांची उपयुक्तता कमी झालेली नाही. जेथे क्ष-किरण यंत्रापर्यंत पोहोचायला अर्धा दिवस लागतो, तेथे हीच साधने उपयोगी पडतात.

तपासणीची नोंद करताना ‘पोट ठीक’ किंवा ‘प्लीहा वाढलेली’ असे लिहिणे पुरेसे नसते. प्लीहेला बोलीत पानथरी म्हणतात. ती डाव्या बरगडीखाली किती सेंटिमीटर लागते, हे लिहावे लागते. सिकलसेलच्या काही रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, रक्त अचानक प्लीहेत साठून राहते आणि काही तासांत मूल निस्तेज होऊन प्राणावर बेतू शकते. प्लीहा झपाट्याने वाढणे हे त्याचे प्रमुख लक्षण असते. परंतु वाढ झाली हे ठरवण्यासाठी पूर्वीचे माप माहीत असावे लागते. मूल बरे असताना ‘दोन सेंटिमीटर’ अशी नोंद झालेली असेल आणि आज बरगडीखाली सहा सेंटिमीटर प्लीहा हाताला लागत असेल, तर डॉक्टर क्षणाचाही विलंब न करता रक्ताची तजवीज करतील. जुनी नोंदच नसेल तर सहा सेंटिमीटर हा केवळ एक आकडा राहतो. या पट्ट्यात मलेरियामुळेही प्लीहा वाढत असल्याने निर्णय आणखी अवघड होतो.

हीच गोष्ट हिमोग्लोबिनची. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन एरवीही कमी असते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे आठ ग्रॅम हे प्रमाण एखाद्या रुग्णाचे नेहमीचे असू शकते आणि दुसऱ्यासाठी तो धोक्याचा इशारा असू शकतो. रुग्ण बरा असतानाची पातळी लिहिलेली असेल, तरच आजच्या आकड्याचा अर्थ लागतो आणि विनाकारण रक्त चढवणेही टळते.

‘आढळले नाही’ हीसुद्धा नोंद असते. छातीत दुखत असलेल्या रुग्णात ‘धाप नाही, प्राणवायूचे प्रमाण ९८’ असे सकाळी लिहिले असेल, तर सायंकाळी ते ९० वर येताच फुप्फुसांवर आजाराचा हल्ला झाल्याचे ध्यानात येते. सकाळची जागा कोरी असेल तर ते तपासलेच नव्हते की तपासून ठीक आढळले होते, हे कोणालाही सांगता येत नाही.

निदान : शक्यता कारणांसह लिहिणे

हकीकत आणि तपासणी यांनंतर डॉक्टर मनाशी काही शक्यता मांडतात. या शक्यता आणि त्यांमागील कारणे कागदावर उतरवणे म्हणजे निदानाचे मूल्यमापन. सांधे दुखणारा, ताप असलेला आणि डोळे पिवळसर असलेला तरुण समोर असेल तर सिकलसेल, मलेरिया, सांध्यांचा संधिवाताभ ताप, कावीळ आणि हाडांतील जंतुसंसर्ग अशा अनेक शक्यता असतात. त्यांपैकी कोणती अधिक संभवते, कोणती का वगळली आणि कोणत्या चाचणीनंतर निर्णय होणार, हे लिहिले तर पुढचा डॉक्टर तोच विचार पुढे नेऊ शकतो. कारणाशिवाय नुसते आजाराचे नाव लिहिले तर त्याला ते मान्य करणे किंवा नाकारणे एवढेच शक्य असते.

सिकलसेलच्या निदानातही असे टप्पे आहेत. गावपातळीवर केली जाणारी विद्राव्यता चाचणी दोष असल्याचे दाखवते, परंतु व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावी लागते. म्हणून कागदावर केवळ ‘सिकल पॉझिटिव्ह’ असे लिहिणे अपुरे आणि काही वेळा अन्यायकारक ठरते. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते. अर्धवट लिहिलेल्या शेऱ्यामुळे तिच्यावर रुग्ण असल्याचा शिक्का बसतो आणि विवाह ठरवताना, विशेषतः मुलींना, त्याचा त्रास सोसावा लागतो. या उलट रुग्णाला वाहक समजले गेले, तर त्याचे उपचारच सुरू होत नाहीत.

तात्पुरते निदान आणि अंतिम निदान असा भेदही नोंदीत स्पष्ट असावा लागतो. आरोग्य केंद्रात संशयाने लिहिलेला शब्द पुढील प्रत्येक कागदावर उतरवला गेला तर काही काळाने तो सिद्ध झालेला आजार मानला जातो. संगणकावर जुना मजकूर जसाच्या तसा उचलून ठेवण्याच्या सवयीमुळे हा दोष अधिक वाढण्याची भीती असते.

नोंदीला शिस्त

रुग्णांची नोंद पूर्वीपासून होत असली तरी तिला आजची शिस्त लावण्याचे मोठे श्रेय अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांना दिले जाते. १९६८ साली त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या विषयावर लेख लिहिला. डॉक्टरांच्या मनात येईल तसे लिहिण्याऐवजी रुग्णाच्या समस्यांची क्रमवार यादी करावी आणि प्रत्येक समस्येखाली चार भागांत नोंद करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. रुग्ण काय सांगतो, डॉक्टरांना काय आढळते, त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो आणि पुढे काय करायचे, हे ते चार भाग. जगभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत आज हीच चौकट शिकवली जाते.

या चौकटीचा लाभ असा, की रुग्णाचे म्हणणे, डॉक्टरांचे निरीक्षण आणि डॉक्टरांचे मत यांची सरमिसळ होत नाही. निष्कर्ष चुकला असेल तर चूक कोठे झाली हे शोधता येते. उपचार करणारी व्यक्ती बदलली तरी उपचाराचा धागा तुटत नाही.

एका रुग्णाची नोंद, हजारोंना उपयोग

सिकलसेलचा शोध हाच मुळी एका काळजीपूर्वक लिहिलेल्या नोंदीतून लागला. १९०४ साली शिकागोतील एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी दाखल झाला. तेथील शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयरन्स यांनी त्याचा पूर्वेतिहास लिहिला, शारीरिक तपासणी केली आणि रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लांबट, विळ्यासारख्या पेशी पाहून त्यांनी वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांचे लक्ष त्याकडे वेधले. पुढील काळातील निरीक्षणांसह हेरिक यांनी १९१० साली ही माहिती प्रसिद्ध केली. हा कोणता आजार आहे, याचा उलगडा त्यांना झाला नव्हता. तरीही जे दिसले ते त्यांनी नेमकेपणाने लिहून ठेवले. या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा अहवाल १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आजार वेगळा असला तरी महाराष्ट्रातही याच कार्यपद्धतीचे ठळक उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून काम करू लागले. कोकणात त्या काळी लाल विंचवाच्या दंशाने मृत्यू होणे ही नित्याची बाब होती. आधुनिक साधने हाताशी नसताना डॉ. बावस्कर यांनी दंश झालेल्या रुग्णांची लक्षणे, घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय, नाडी आणि रक्तदाब यांच्या नोंदी रुग्णाजवळ बसून केल्या. या नोंदींवरून हृदयावर होणाऱ्या परिणामांचा क्रम स्पष्ट झाला आणि १९८२ साली त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह १९८६ साली मांडले. या उपचारांनी असंख्य प्राण वाचले. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री जाहीर झाली. चांगली नोंद ही मोठ्या रुग्णालयांची मक्तेदारी नाही, हे बिरवाडीच्या या कामाने दाखवून दिले.

नोंद नसेल तर

नोंदीच्या अभावाची किंमत किती मोठी असू शकते, हे मध्य प्रदेशानेच अनुभवले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये झालेल्या वायुगळतीनंतर हजारो रुग्ण एकाच वेळी रुग्णालयांत लोटले. पुढे नुकसानभरपाईसाठी इजेची वर्गवारी करताना वैद्यकीय कागदपत्रांना महत्त्व आले, आणि दीर्घकालीन उपचारांतही जुन्या नोंदींचा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. अखेर ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वायुपीडितांच्या वैद्यकीय नोंदींचे संगणकीकरण करण्याचा आणि प्रत्येक पीडिताला आरोग्यपुस्तिका देण्याचा आदेश दिला. त्याच निर्णयानुसार या कामावरील देखरेख जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे सोपवण्यात आली. दुर्घटनेनंतर सुमारे २८ वर्षांनी रुग्णाच्या हाती त्याच्या आजाराची नोंद द्या, असे न्यायालयाला सांगावे लागले.

नियम काय सांगतात?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेने नोंदीबाबत स्पष्ट नियम घालून दिले आहेत. आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. नोंदीचा नमुनाही संहितेसोबत जोडलेला आहे. त्यात रुग्णाचे नाव, वय, पत्ता व व्यवसाय, पहिल्या भेटीचा दिनांक, आजाराचा वैद्यकीय सारांश, तात्पुरते निदान, सांगितलेल्या चाचण्या व त्यांचे अहवाल, चाचण्यांनंतरचे निदान, सल्ला आणि पुढील भेटींतील निरीक्षणे यांचा समावेश आहे. अखेरीस उपचार करणाऱ्या डॉक्टरांची पूर्ण स्वाक्षरी अपेक्षित आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली अधिसूचित केली होती. मात्र त्याच महिन्यात तिला स्थगिती देण्यात आल्याने २००२ च्या संहितेचाच आधार घेतला गेला.

रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ साली मान्य केला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत नोंदी व अहवाल मिळण्याच्या हक्काचा समावेश आहे. म्हणजेच केसपेपरची प्रत मागणे हा डॉक्टरांवर अविश्वास नसून तो रुग्णाचा मान्य हक्क आहे. नीट लिहिलेली नोंद डॉक्टरांच्याही उपयोगी पडते. वाद निर्माण झाल्यास आपण काय पाहिले आणि काय ठरवले, याचा तोच पुरावा ठरतो.

कार्ड, संगणक आणि गोपनीयता

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथे झाला. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आणण्याचे उद्दिष्ट अभियानापुढे आहे. प्रभावित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले आणि तपासणी झालेल्यांना आपली आनुवंशिक स्थिती दर्शवणारे कार्ड देण्याची योजना आखण्यात आली. याशिवाय २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनद्वारे नागरिकांना १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. त्याला जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या रुग्णालयाला पाहता येतात.

या सोयी उपयुक्त आहेत. परंतु त्यांची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. कार्डावर आजाराचे नाव असते, प्लीहेचे माप नसते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध कधी सुरू झाले, त्याची मात्रा किती आणि त्यानंतर रक्तपेशींची संख्या किती होती, हे केसपेपरमध्येच सापडते. संगणकात तेच साठते, जे कोणीतरी रुग्णाला विचारून आणि तपासून लिहिलेले असते. बाह्यरुग्ण विभागात रुग्णांची रांग दारापर्यंत असते आणि एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तेथे सर्व काही सविस्तर लिहिणे शक्य नसते, हीही वस्तुस्थिती आहे. म्हणूनच कमीत कमी काय लिहिलेच पाहिजे, हे ठरवणे महत्त्वाचे असते.

गोपनीयतेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. आनुवंशिक आजाराची नोंद एका व्यक्तीपुरती राहत नाही. तिच्यातून आईवडील, भावंडे आणि मुले यांच्याविषयीची माहिती उघड होऊ शकते. म्हणून ती रुग्णाच्या संमतीशिवाय इतरांना दाखवली जाऊ नये.

रुग्णांनी आणि कुटुंबीयांनी काय करावे?

घरातील प्रत्येक रुग्णासाठी एक स्वतंत्र फाइल ठेवावी आणि कागद दिनांकाच्या क्रमाने लावावेत. पहिल्याच पानावर आजाराचे नाव, रक्तगट, औषधांचे वावडे, चालू औषधे व मात्रा आणि आजवर किती वेळा व केव्हा रक्त चढवले, हे लिहून ठेवावे. सिकलसेलच्या रुग्णाने आपण बरे असतानाचे हिमोग्लोबिन आणि प्लीहेचे माप डॉक्टरांना विचारून त्याच पानावर लिहून घ्यावे. मलेरियावरील प्राइमाक्विनसारखे औषध काही व्यक्तींना, विशेषतः जी-६-पीडी या विकराची उणीव असणाऱ्यांना, घातक ठरू शकते. त्यामुळे पूर्वी कोणत्याही औषधाने लघवी लालसर किंवा काळसर झाली असेल, तर तेही नोंदवावे.

दुसऱ्या रुग्णालयात पाठवले जात असताना संदर्भ चिठ्ठीवर तात्पुरते निदान, तपासणीतील निष्कर्ष, दिलेली औषधे व त्यांची वेळ आणि पाठवण्याचे कारण लिहिले आहे ना, हे पाहून घ्यावे. रुग्णालयातून घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड घेतल्याशिवाय निघू नये. अक्षर कळत नसेल तर तेथेच विचारावे. मूळ कागद आपल्याजवळ ठेवून प्रत द्यावी आणि शक्य असल्यास मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. मजुरीसाठी गाव सोडताना ही फाइल सामानात असावी.

बरगीहून जबलपूरला, जबलपूरहून नागपूरला किंवा गडचिरोलीहून पुण्याला गेलेला रुग्ण नव्या डॉक्टरांसमोर अनोळखी म्हणून उभा राहतो. त्याच्या आजाराची ओळख मात्र नव्याने करून घेण्याची गरज पडू नये. विचारलेले, तपासलेले आणि ठरवलेले नीट लिहून त्याच्या हाती दिले असेल, तर पुढच्या डॉक्टरांचे उपचार पहिल्या डॉक्टरांनी जेथे सोडले तेथून सुरू होऊ शकतात.